पाणी पिणारा दात

१६ एप्रिल

एफीचा दात पुन्हा मोडला.

हे तिच्या केसपेपरवर लिहिता येत नाही. तिथे 'वरचा डावा पुढचा दात, कड तुटली, रेझिन पुन्हा बसवलं' एवढंच लिहायचं असतं, माझा जळफळाट तिथे मावत नाही. म्हणून औषधवाल्यांनी नाताळात पाठवलेली ही डायरी काढली. जानेवारी ते मार्च कोरेच आहेत. त्या दिवसांत बर्फ आणि एफीचा दात सोडून काही पडलंही नव्हतं.

उभा जन्म या किनाऱ्यावर दात भरण्यात गेला. आधी चांदी भरली, सोनं ओतलं, आता दाताच्या रंगाचं रेझिन भरतो. माझं काम सहसा परत येत नाही. एफी बीटनचा दात मात्र फेब्रुवारीपासून येतोच आहे. तुटलेला कपचा ती लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून आणते आणि मांजराने उंदीर आणून ठेवावा तसा माझ्या तळहातावर ठेवते.

"तुझं सिमेंट पुन्हा हरलं, लॉकी."

शाळेत ती माझ्या मागे दोन वर्ग होती. पुढे जन्मभर तिने शाळेची बस चालवली, आणि बॅगपाइप वाजवला. फुंकायची नळी पुढच्या दातांत धरावी लागते. दाताची कड गेली की नळी घसरते, ओठ कापतो, हवा बाजूने निसटते आणि सूर रडका येतो. एरवी मी म्हटलं असतं, बाई, वय झालं, सोड आता. पण तिचा मोठा भाऊ अँगस अंथरुणाला खिळलाय. हृदय थकलंय, पाय सुजलेत, आणि आता तो उठायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. बीटनांच्या घरात रीत अशी, की माणूस गेलं की चर्चपासून कबरीपर्यंत पुढे घरच्याच माणसाने पाइप वाजवत चालायचं. आजोबांपुढे बाप चालला, बापापुढे अँगस. अँगसला मूलबाळ नाही. म्हणजे अँगसपुढे एफी, दुसरं कोणी नाही.

आणि अँगसने गावभर सांगून ठेवलंय, "एफीचा दात बसल्याशिवाय मी जाणार नाही. फाटक्या सुरात मला मातीत घालायचं नाही." लोक हसतात. मीही हसलो. टेरेसाला म्हटलं, "मग मीपण हा दात बसवल्याशिवाय दवाखाना बंद करत नाही." वर्षअखेरीस दवाखाना विकून ऑन्टारिओत धाकट्या भावाकडे जायचं ठरवलंय मी. एकट्या माणसाने म्हातारपणी समुद्राकडे बघत बसू नये असं त्याचं म्हणणं आहे.

१९ एप्रिल

विचार केला. दोष पाण्याचा आहे.

रेझिन दगडासारखं दिसतं, पण ते पाणी पितं. तोंडात गेल्यापासून आठवडे न् आठवडे हळूहळू पीत राहतं, पोट भरलं की थांबतं. तोवर थोडं फुगतं, थोडं मऊ पडतं, आत काचेचे बारीक कण असतात त्यांच्यावरची पकड सैल होते. चिकटवताना नको तिथे ओल राहिली, तर पाण्याला आयतीच वाट मिळते. साध्या माणसाच्या तोंडात हे खपून जातं. एफीच्या तोंडात रोज तासभर ओल्या श्वासाची नळी असते. वाजवून झाल्यावर नळीतून पाणी निथळताना मी स्वतः पाहिलंय.

टेरेसाला हे समजावलं. टेरेसा माझी मदतनीस. ती माझ्याआधी दवाखान्यात येते, माझ्यानंतर जाते आणि मधल्या वेळात मला बोलते.

"रॉडीपण पाइप वाजवतो," ती म्हणाली. "त्याचाही दात तुम्हीच भरलात. त्याचं कुठे काय झालं?"

"रॉडी कधीमधी वाजवतो."

"रोज वाजवतो. मी त्याच्या शेजारी राहते, मला विचारा."

 प्रयोग करून बघायला हवा.

२ मे

प्रयोग सुरू. शर्टाच्या बटणाएवढ्या रेझिनच्या टिकल्या केल्या. काही रेझिन घट्ट करणाऱ्या निळ्या दिव्याखाली पुरता वेळ धरल्या, काही मुद्दाम अर्ध्यातच काढल्या. आधी त्या पुऱ्या सुकवायच्या असतात. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या बरणीत भरून टिकल्या त्यात ठेवल्या होत्या. मग तोलल्या. काटा जुना, सोन्याच्या टोप्या ओतायचो तेव्हाचा, पण अजून केसाचं वजन सांगतो. मग टिकल्या पाण्यात सोडल्या. एक काळ्या चहात टाकली, कारण एफी चहावर जगते. एक रममध्ये, कारण बाटली समोर होती.

पाणी तोंडाइतकं उबदार राहायला हवं. पलीकडच्या फ्लोराकडून कोंबडीची अंडी उबवायची पेटी मागून आणली. आता मागच्या खोलीत ती घरघरत असते.

"कधी फुटणार ही पिल्लं?" टेरेसाने विचारलं.

"अजून पुष्कळ वेळ आहे."

"जपून हां. दातच ते. मोठे झाले की चावतील."

११ मे

रविवार. प्रार्थनेनंतर अँगसला बघायला गेलो. सोबत फिशकेक नेले होते, ते एफीने चाखून बघितले आणि मीठ कमी आहे म्हणाली.

अँगसची खाट खिडकीशी लावली आहे. शेवंडांचा हंगाम सुरू झालाय, सगळ्या होड्या पिंजरे टाकायला बाहेर, आणि हा पडल्या पडल्या कोण कुठे चुकतोय ते सांगतो. या किनाऱ्यावर अँगस बीटन इतके आहेत की प्रत्येकाला काहीतरी शेपूट लावावं लागतं. हा इंजिन-अँगस. तरुणपणी त्याच्या होडीचं इंजिन कधी पहिल्या झटक्याला सुरू झालं नाही, आणि त्या इंजिनावर त्याने पाइपची एक चाल बांधली. चालीत इंजिन खोकतं, बंद पडतं, पुन्हा खोकतं, पुन्हा बंद पडतं, आणि मग एकदम सुसाट धावतं. लग्नात ती वाजली की म्हातारेसुद्धा नाचायला उठतात. कबरीपर्यंत त्याला हीच चाल हवी आहे.

"फादर नको म्हणतील," मी म्हणालो. "नाचाची चाल आहे ती."

"हळू वाजवली की रडायची होते. एफीला विचार." मग डोळे मिचकावून म्हणाला, "दात कुठवर आला?"

"बसलाय. आता पक्का."

"मग मी आवरायला घेऊ?"

स्वयंपाकघरात कपबशी आपटली. "दादा, तोंड आवर!" एफी तिथूनच ओरडली.

वाढवलंय त्याने तिला. आई ती रांगत असतानाच गेली, बाप समुद्रावर. मिसरूड फुटलेल्या अँगसने तिच्या वेण्या घातल्या, तिला डबा करून दिला, पाइपही त्यानेच शिकवला. त्या वेण्या मला शाळेतल्या आठवतात. एक नेहमी वर असायची, एक खाली.

निघताना ती दारापर्यंत आली. "खरंच पक्का बसलाय?"

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. ऐकून तिला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. पण ती नुसती माझ्या कोटाची कॉलर सरळ करून आत गेली.

१४ मे

मोडला.

काल रात्री अँगसला फार त्रास झाला, नर्सला बोलवावं लागलं. बिचारीचा डोळ्याला डोळा नाही, आणि त्यात हे दाताचं. 

३० मे

टिकल्या पाणी पिताहेत. अर्धवट दिवा दाखवलेल्या जास्त, पुऱ्या दाखवलेल्या कमी. चहातली पिवळट झालीय.

एक गोष्ट मी शिकून विसरलो होतो. दिव्याखाली घट्ट होताना रेझिन आकसतं आणि दाताच्या कडेशी बारीक फट राहते. मग ते पाणी पितं, फुगतं, आणि ती फट बरीचशी भरून येते. ज्या पाण्याने ते कमजोर होतं त्याच पाण्याने ते दातात नीट बसतंही. एफीचा दात घासताघासता तिला हे सांगितलं.

"म्हणजे आमच्या दादासारखंच," ती म्हणाली. "अंगात पाणी भरलंय, फुगलाय, आणि जागा सोडत नाही."

स्वतःच खळखळून हसली. हसताहसता मग तिला रुमाल लागला. टेरेसाने तो आधीच हातात धरलेला होता.

१४ जून

रममधली टिकली नखाने दाबली जाते! मद्याने रेझिन मऊ पडतं, हे पुस्तकातही आहे. आणि वाजवण्याआधी घोटभर घ्यायची रीत इथे कोणाला माहीत नाही? कड पुन्हा पडली म्हणून एफी आली, तेव्हा आडून विचारलं.

"किती घेतेस?"

"काय किती?"

"वाजवायच्या आधी."

ती खुर्चीत उठून बसली. "लॉकी गिलिस, तू मला दारुडी म्हणतोयस?"

"मी फक्त रेझिनच्या बाजूने विचारतोय."

"मग रेझिनलाच विचार. मी चहा पिते. रम दादा पितो, आणि त्याच्या दातांना काही होत नाही. ते रात्री पेल्यात असतात."

टेरेसा तोंड फिरवून खांदे हलवत होती.

नवीन कड बसवली. जुना कपचा भिंगाखाली बघितला, तर तुटल्या जागी बारीक ओरखडे दिसले, सगळे एका दिशेने. फुंकायच्या नळीला धातूची कड असणार. नळी आणून दाखव म्हटलंय.

२० जून

नळी आणली. टोक गुळगुळीत प्लास्टिकचं, वर रबर चढवलेलं. लोणीसुद्धा ओरखडणार नाही. मग ओरखडे कशाने पडले? माझं डोकं चालेना.

४ जुलै

पुन्हा मोडला, आणि मी हात टेकले. एफीला म्हटलं, "हॅलिफॅक्सला माझ्या ओळखीचा एक चांगला डॉक्टर आहे. पोर्सेलीनची टोपी बसवून देईल, मग बघायला नको. मीच गाडीने नेऊन आणतो."

"नको."

"अगं, फ्लोरा बसेल अँगसपाशी."

"नको म्हटलं ना! तूच कर. तुझंच ते सिमेंट हवं मला."

खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं. आज संध्याकाळी टेरेसाला म्हणालो, "बघ, एवढ्यांदा मोडूनही तिचा माझ्यावर विश्वास आहे."

"तुमच्यावर आहे की. म्हणून तर इतकी वर्षं मनातलं बोलत नाही ती. आणि तुम्ही तरी कुठे बोलताय? ती यायची असली की इस्त्रीचा निळा शर्ट तेवढा अंगावर चढतो."

"शुक्रवारी माझे कपडे धोब्याकडून येतात."

"मेमध्ये ती बुधवारी आली होती, डॉक्टर."

या बाईला बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवायची वाईट खोड आहे.

२ ऑगस्ट

दात शाबूत! अँगसलाही बरं वाटतंय. उन्हात खुर्ची टाकून ओसरीवर बसतो, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या खोड्या काढतो. संध्याकाळी एफी त्याच्यासमोर अंगणात उभी राहून वाजवते. खाडीवरून सूर थेट माझ्या खिडकीत येतो. हल्ली मी जेवण तिथेच बसून करतो. सूर स्वच्छ लागला की दात ठीक आहे एवढं कळतं, म्हणून.

१३ ऑगस्ट

काल अँगसला पुन्हा धाप लागली. घरात प्राणवायूची नळकांडी आली. आज सकाळी एफी दारात उभी, हातात लोकर.

आता मला स्वतःचीच लाज वाटते. घरात एवढं चाललंय आणि माझं एक काम धड टिकत नाही.

१७ ऑगस्ट

अँगसने फ्लोराकडून निरोप पाठवला, एकटाच ये.

"दार लाव," तो म्हणाला. दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घेतो आता. "एफीला ओट्स आणायला पिटाळलंय. सगळे ओट्स मी खाटेखाली लपवलेत. फिरत बसेल बिचारी." मग विचारलं, "तुझ्या त्या अंड्यांचं काय झालं?"

मी सांगितलं. पुरा दिवा दाखवलेल्या टिकल्यांनी पाणी प्यायचं थांबवलंय, वजन आता हलत नाही. हातोडी मारून बघितली, सहज तुटत नाहीत.

"म्हणजे माल चांगला आहे."

"चांगला आहे."

"मग मोडतो का?"

"तेच तर कळत नाही, अँगस. पाण्याशिवाय दुसरं काही—"

"कानस," तो म्हणाला.

"कसली कानस?" मी विचारलं.

"माझ्या पेटीत गळ घासायची बारीक कानस होती. ती आता स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात आहे. माझी रात्र वाईट गेली की सकाळी घासल्याचा आवाज येतो. आधी वाटलं सुरीला धार लावतेय. सुरीला धार लावणारं माणूस मधेमधे हुंदके देतं का रे?" तो थांबला. "खाच पाडते, मग ओट्सचं जुनं कडक बिस्कीट, ओटकेक, चावते. मी गमतीने बोललो होतो, दात बसला की जाईन म्हणून. वेडी मनावर घेऊन बसली."

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे कपचे आले. सगळे ओरखडे. आणि मी तिला विचारत होतो, किती घेतेस.

"ती तुम्हाला थांबवतेय," मी म्हणालो.

"थांबलोय की. तिच्यासाठीच थांबलोय. पण आता मला झोपायचं आहे, लॉकी. एकदा असा बसव की मोडणारच नाही. आणि तिला काही बोलू नकोस. पाण्यामुळे होतंय असंच म्हण."

मला रडू फुटलं. त्याने माझ्या हातावर थोपटलं. "तू कशाला रडतोस? बिल तर माझ्याच नावावर आहे."

१९ ऑगस्ट

कानशीपुढे टिकेल असं रेझिन जगात नाही. म्हणजे अँगस मागतोय ते माझ्या हातात नाहीच.

माझ्या हातात दुसरंच काही आहे. दिवा थोडा लवकर काढायचा. चिकटवण्याआधी जरा ओल राहू द्यायची. वरून काम तसंच चकचकीत दिसेल, पुढचं सगळं पाणी करेल. कड आपोआप पडत राहील आणि एफीला स्वतःच्या तोंडात कानस घालावी लागणार नाही. अजून काही आठवडे मिळतील तिला. यात कोणाचं काय वाईट होतंय? अँगसचं होतंय. त्याने मला विश्वासाने बोलावलं होतं. आणि तो गेल्यावर त्याच्यापुढे ती तुटक्या दाताने चालली, तर ते ती स्वतःला माफ करेल?

आज एका माणसाची चांगली दाढ काढता काढता राहिलो. टेरेसाने हात धरला म्हणून.

२२ ऑगस्ट

बसवला.

एफी खुर्चीत बसली आणि छताकडे बघत म्हणाली, "सावकाश कर. घाई काही नाही, लॉकी."

अँगसला शब्द दिला होता, बोलणार नाही म्हणून. पण तोंडून गेलंच. "तुला नाही," मी म्हणालो. "अँगसना आहे."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी निळा शर्ट घातला होता आणि त्याची मला फार लाज वाटली. टेरेसा हत्यारं मांडत होती, ती थांबली. मला वाटलं एफी उठून जाईल. ती उठली नाही. तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

आम्ही रबरी पडदा चढवला, तेवढा दात बाहेर ठेवून. आम्ल लावलं, धुतलं, फुंकर मारली, चिकटाचा थर दिला. मग रेझिन पातळ पातळ थरांनी, प्रत्येक थराला पुरता दिवा. एवढ्या काळजीने मी परीक्षेतसुद्धा काम केलं नव्हतं. पडद्याच्या वर तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. टेरेसा एका बाजूने टिपत होती, दुसऱ्या बाजूने मी, कोपरानेच. दात मात्र अखेरपर्यंत कोरडा राहिला.

झाल्यावर आरसा दिला. तिने जीभ फिरवून बघितली.

"काही आठवडे हे पाणी पीत राहील," मी म्हणालो. "तेवढे दिवस जप. मग त्याचं पोट भरतं."

"मग?"

"मग ते तुझंच."

ती गेली. आवरायला घेतलं तर ट्रेमध्ये माझ्या हत्यारांच्या रांगेत एक काळी पडलेली कानस होती. टेरेसाने ती इतर हत्यारांबरोबर निर्जंतुक करायला टाकली. "आपल्या दवाखान्याची शिस्त आहे," ती म्हणाली, आणि नाक शिंकरायला बाहेर गेली.

९ सप्टेंबर

अँगस गेला. पहाटे, झोपेत. रात्रभर एफी उशाशी होती. काल संध्याकाळी त्याने तिला तोंड उघडून दाखवायला लावलं म्हणे, दात बघितला आणि म्हणाला, "लॉकीला जमलं शेवटी."

१२ सप्टेंबर

चर्चमधून बाहेर पडलो तेव्हा वारा समोरून होता. एफी शवपेटीच्या पुढे उभी राहिली. बस चालवायची तोच काळा कोट. तिने नळी दातांत धरली.

पहिली काही पावलं मी नुसता दातच ऐकत होतो. हवा निसटतेय का, सूर फाटतोय का. नाही. मग कधी विसरलो कळलं नाही.

इंजिनाचीच चाल होती, पण इतकी हळू की आधी कोणी ओळखली नाही. इंजिन खोकायचं, बंद पडायचं. पुन्हा खोकायचं, पुन्हा बंद. कबरस्तानाचा सगळा चढ तिने तसाच चढला, इंजिन एकदाही सुरू होऊ दिलं नाही. मागे चालणारी माणसं ओठ चावून चालत होती. प्रत्येकाला माहीत होतं पुढे काय येतं, आणि ते येत नव्हतं. पेटी खाली सोडली, दोर वर आले, फादरांनी मूठभर माती टाकली. मग एफीने पिशवीत छातीभर श्वास भरला आणि इंजिन सोडलं. सुसाट. खाडीच्या पार गेलं असेल. रडणाऱ्या माणसांचे पाय आपोआप हलायला लागले, फादरांचासुद्धा. माझेही हलले.

नंतर हॉलमध्ये चहा होता. एफीच्या पुढ्यात कोणीतरी ओटकेकची बशी ठेवली. तिने माझ्याकडे बघून एक उचलला, चहात बुडवून मऊ केला आणि मग खाल्ला.

५ ऑक्टोबर

फ्लोराची पेटी परत केली. टिकल्या फेकायच्या होत्या, फेकल्या नाहीत. हॅलिफॅक्सचा तरुण डॉक्टर दवाखाना बघून गेला. त्याला आवडला. खिडकीतून फार छान दिसतं म्हणाला. आता संध्याकाळी तिथे नुसता समुद्र असतो. एफी वाजवत नाही.

१६ नोव्हेंबर

दवाखान्याच्या दारावर पाटी लावली: नाताळपासून नवे डॉक्टर येतील, जुन्या पेशंटांनी आपले कागद घेऊन जावेत. भावाला फोन केला. त्याने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे. रंग विचारला, तो निळाच निघाला.

१८ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं तर पायरीवर एफी. हातात लोकरीचा तुकडा.

"तुझं सिमेंट हरलं, लॉकी."

मी कपचा भिंगाखाली धरला. पुऱ्या दिव्याचं, पोटभर पाणी प्यायलेलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. कडेला ओरखडे, या वेळी फार नाजूक. अँगसची कानस माझ्याच खणात आहे, तेव्हा हे नखं घासायच्या पट्टीने केलेलं असणार. किती वेळ लागला असेल तिला!

मी बराच वेळ भिंगातच बघत राहिलो, कारण मान वर केली असती तर माझा चेहरा दोघींना दिसला असता. हा दात बसवल्याशिवाय दवाखाना बंद करत नाही, असं एप्रिलमध्ये मी टेरेसाला म्हणालो होतो. टेरेसाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं.

"हे अवघड दिसतंय," मी म्हणालो. "पुष्कळदा यावं लागेल. नाताळपर्यंत होण्यासारखं नाही."

"नसेल होत तर नसेल होत," एफी म्हणाली. "मला घाई नाही."

"मलापण नाही."

टेरेसा दाराकडे गेली, पाटी उतरवून उलटी करून खुर्चीवर ठेवली आणि परत येऊन हातमोजे चढवले.

"पाणीच ना, डॉक्टर?" तिने अगदी गंभीरपणे विचारलं.

"पाणीच," मी म्हणालो, आणि दिवा ओढून घेतला. एफीला तोंड उघडायला सांगितलं, पण हसू आवरत नसल्याने तिला ते नीट उघडता येईना.